आरसा खाली की वर? ९०डी आणि डी७५०० यांच्यातली निवड

मध्यम किमतीचा डीएसएलआर घ्यायचा म्हटलं की चर्चा आजही हमखास दोन नावांपाशी येऊन थांबते: कॅनन ईओएस ९०डी आणि निकॉन डी७५००. डी७५०० एप्रिल २०१७मध्ये जाहीर झाला, ९०डी ऑगस्ट २०१९मध्ये. दोघेही आपापल्या घराण्याचे शेवटचे वारस. त्यांच्यानंतर या वर्गात ना कॅननने नवा डीएसएलआर काढला, ना निकॉनने. २०२० साली जगभरात कारखान्यांतून बाहेर पडलेल्या कॅमेऱ्यांमध्ये मिररलेसची संख्या डीएसएलआरच्या पुढे गेली, आणि कंपन्यांपुरता हा विषय तिथेच मिटला. ग्राहकापुरता मात्र तो मिटलेला नाही. नव्याचा सोस नसलेला, हातात ठरावीकच रक्कम असलेला माणूस, मग तो पत्रकारितेचा विद्यार्थी असो, पक्ष्यांमागे फिरणारा हौशी असो की तालुक्याच्या गावी स्टुडिओ टाकणारा तरुण, सेकंडहँड बाजारात जातो तेव्हा हेच दोन कॅमेरे त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले जातात. मग सुरू होते तक्त्यांची तुलना: मेगापिक्सेल किती, सेकंदाला फोटो किती, फोकसचे बिंदू किती. माझं म्हणणं असं की ही तुलना चुकीच्या टोकाकडून सुरू होते. या दोन कॅमेऱ्यांतला खरा फरक एका साध्या प्रश्नावर अवलंबून आहे. तुम्ही डोळा व्ह्यूफाइंडरला लावून फोटो काढणार, की मागच्या पडद्याकडे बघून? याचं उत्तर ठरलं की तक्त्यातले निम्मे आकडे बिनकामाचे ठरतात, आणि उरलेल्यांना वजन येतं.

असं का, हे समजायला डीएसएलआरच्या पोटात डोकवावं लागतं. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो आणि वर वळून व्ह्यूफाइंडरमध्ये जातो. त्यातला थोडा भाग मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून खाली, तळाशी बसवलेल्या फोकसच्या वेगळ्या यंत्रणेकडे उतरतो. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस साधते ती ही तळघरातली यंत्रणा. ती विषय पुढे आहे की मागे हे एका फटक्यात ओळखते, म्हणून वेगवान असते. पण पडद्यावर चित्र बघायचं असेल, म्हणजे लाइव्ह व्ह्यू किंवा व्हिडिओ, तर आरसा वर जातो आणि या यंत्रणेपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. मग फोकसचं काम सेन्सरला स्वतःच करावं लागतं. निकॉनने डी७५००मध्ये यासाठी जुनीच पद्धत ठेवली: लेन्स पुढे-मागे हलवून कडा सर्वांत तीव्र कुठे दिसतात ते चाचपडत शोधायचं. कॅननने २०१३च्या ७०डीपासून वेगळी वाट धरली होती. तिच्या ड्युअल पिक्सेल रचनेत प्रत्येक पिक्सेलचे डावा आणि उजवा असे दोन भाग असतात. त्या दोघांनी पाहिलेल्या चित्रांतला फरक मोजून सेन्सर स्वतःच दिशा आणि अंतर ओळखतो, चाचपडत बसत नाही. ९०डीमध्ये ही पद्धत चौकटीची पूर्ण उंची आणि रुंदीचा सुमारे ८८ टक्के भाग व्यापते, शिवाय माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवते. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये सेन्सरवरच असा दिशा ओळखणारा फोकस आला तो जानेवारी २०२०च्या डी७८०मध्ये, आणि तो कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे किमतीने वेगळ्याच वर्गातला.

त्यामुळे आरसा वर गेला की हे दोन कॅमेरे एका वर्गातले राहत नाहीत. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर उभं राहून ढोल-ताशाचं पथक टिपायचं तर डोक्यांच्या भिंतीवरून कॅमेरा हात उंच करूनच धरावा लागतो. दोन्हींचा पडदा त्यासाठी वळतो; निकॉनचा फक्त वर-खाली, कॅननचा बाजूला उघडून कुठेही. पण पडदा दिसणं निराळं आणि त्या पडद्यावर ढोल बडवणाऱ्या हाताला वेळेत फोकस मिळणं निराळं. डी७५०० तिथे क्षणभर मागे-पुढे होत राहतो आणि तेवढ्यात टिपरू खाली आलेलं असतं. व्हिडिओत ही उणीव आणखी उघडी पडते, कारण तिथे फोकसचं चाचपडणंही चित्रासोबत रेकॉर्ड होतं. त्यात डी७५००च्या फोर-के व्हिडिओची एक गोम आहे, ती जाहिरातीत ठळक अक्षरांत नव्हती. त्याच्या सेन्सरवर आडवे ५,५६८ पिक्सेल आहेत आणि फोर-केसाठी तो मधले ३,८४० तेवढेच वापरतो. म्हणजे चौकट आणखी सुमारे दीडपट आवळते. किटमधली १८ मिलिमीटरची लेन्स फोटोसाठी फुल फ्रेमच्या हिशेबाने २७ मिलिमीटरइतकं रुंद बघते, तीच फोर-केमध्ये ३९ मिलिमीटरवर येते. दहा बाय बाराच्या खोलीत मुलाखत घ्यायची तर भिंतीला पाठ टेकवूनही समोरचा माणूस पुरता मावत नाही. ९०डी पूर्ण रुंदीचं फोर-के घेतो, त्यामुळे १८ची लेन्स २९वरच राहते. मात्र पूर्ण रुंदीचं हे फोर-के काहीसं मऊ दिसतं, रंगांवर नंतर काम करणाऱ्यांना हवं असलेलं लॉग प्रोफाइल त्यात नाही, आणि व्हिडिओ हेच ज्याचं पोट आहे त्याने या दोघांपैकी कुणाच्याच वाटेला जाऊ नये असं मी म्हणेन.

आता आरसा खाली. इथे पहिला आक्षेप येतो तो मेगापिक्सेलचा. कॅननकडे ३२.५ आहेत, निकॉनकडे २०.९. हा फरक खरा आहे, पण जितका वाटतो तितका नाही. क्षेत्रफळाचा आकडा नेहमी फुगवून दाखवतो. लांबीच्या हिशेबाने बघितलं तर एका बाजूला ६,९६० पिक्सेल आणि दुसऱ्या बाजूला ५,५६८, म्हणजे चौथा हिस्सा जास्त. लग्नाच्या अल्बममध्ये पूर्ण पान भरणारा १२ बाय १८ इंची फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा तर ५,४०० बाय ३,६०० पिक्सेल पुरतात. डी७५००ची फाइल ५,५६८ बाय ३,७१२ असते. म्हणजे अल्बमचं सर्वांत मोठं एकेरी पान निकॉन न ताणता भरतो. जादा पिक्सेल कामाला यायचे तर लेन्स तेवढी धारदार हवी, आणि भौतिकशास्त्रही आड येतं. छिद्र लहान करत गेलं की प्रकाश कडांवरून वळतो आणि एका बिंदूचा ठिपका बनतो. एफ/११वर हिरव्या प्रकाशाचा हा ठिपका सुमारे १५ मायक्रॉनचा होतो, आणि ९०डीचा एक पिक्सेल आहे ३.२ मायक्रॉनचा. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, सह्याद्रीच्या रांगा जवळच्या कातळापासून क्षितिजापर्यंत रेखीव याव्यात म्हणून जो एफ/११ किंवा एफ/१६वर काम करतो, त्याच्या पदरात ३२ मेगापिक्सेलमधले बरेचसे पडतच नाहीत.

उलट बाजूने निकॉनवाले एक ठरलेला मुद्दा मांडतात: पिक्सेल मोठे म्हणून अंधारात फोटो स्वच्छ. हाही अर्धवटच खरा. दोन्ही फोटो एकाच आकारात बघितले की गोंगाट ठरतो तो एकूण किती प्रकाश गोळा झाला यावर, आणि ते पिक्सेलच्या नाही, सेन्सरच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतं. निकॉनचा सेन्सर कॅननपेक्षा सुमारे ११ टक्के मोठा आहे. स्टॉपच्या भाषेत हा फायदा एका स्टॉपचा जेमतेम सातवा भाग होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. कमी आयएसओवर काळोख्या सावल्या उजळताना डी७५०० किंचित सरस ठरतो हे मान्य. पण कॅननच्या सावल्यांत पट्टे आणि दाणे दिसतात ही तक्रार ७डी, ७०डीच्या काळातली आहे. ८०डीपासून कॅननने या वर्गात सिग्नलचं अंकांत रूपांतर सेन्सरवरच करायला घेतलं आणि ती दरी बरीचशी बुजली. अजूनही तीच तक्रार पुढे करणाऱ्यांनी फाइली शेजारी ठेवून बघाव्यात.

मग पिक्सेलचा फायदा कुणाला? ज्याचा विषय चौकट भरतच नाही त्याला. म्हणजे पक्ष्यांवाल्यांना. इथे हिशेब मन लावून करण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजूंचे कैवारी त्यातलं अर्धंच सांगतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर होडीतून वेडा राघू टिपायचा आहे असं धरू. निकॉनकडे एक लेन्स अशी आहे की तिच्यासाठीच कित्येकांनी निकॉनची बॉडी घेतली: २०१५ची २००-५०० मिलिमीटर एफ/५.६. त्या किमतीत त्या पल्ल्याची आणि शेवटपर्यंत एफ/५.६ टिकवणारी स्वतःची लेन्स कॅननने कधी काढली नाही. कॅननची १००-४०० मिलिमीटरची दुसरी आवृत्ती सुरेख आहे, पण खूप महाग आणि ४००वर थांबणारी. वरवर पाहता प्रकरण संपलं. पण पिक्सेलचा आकार हिशेबात घ्या. ५०० मिलिमीटरला निकॉनच्या ४.२ मायक्रॉनने भागलं तर ११९ येतात. ४०० मिलिमीटरला कॅननच्या ३.२ने भागलं तर १२५. म्हणजे ४००वरचा ९०डी त्या राघूवर जितके पिक्सेल टाकतो, ते ५००वरच्या डी७५००पेक्षा कणभर जास्तच. कॅननवाले इथे टाळी मागतात. पण पिक्सेल मिळाले म्हणजे प्रकाश मिळाला असं नाही. एफ/५.६वर ५०० मिलिमीटरच्या लेन्सचं प्रवेशछिद्र ८९ मिलिमीटर भरतं, ४००चं ७१. पक्ष्याकडून येणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाप्रमाणे गोळा होतो, म्हणून निकॉनच्या जोडीला त्याच राघूकडून, तेवढ्याच वेळात, दीडपटीहून थोडा अधिक प्रकाश मिळतो. सकाळी दहाच्या उन्हात याचा काही उपयोग नाही. तिथे कॅननची हलकी जोडी तेवढाच तपशील देते आणि खांद्यावरचं जवळपास पाऊण किलो वजन वाचवते, कारण निकॉनची ती लेन्स एकटीच २.३ किलो आहे. पण धुकं पुरतं उठलेलं नसताना, उजाडता उजाडता, आयएसओ ३,२००च्या पुढे गेलेला असतो तेव्हा तो दीडपट प्रकाश पिसांच्या पोतात दिसतो. दोघांपैकी कुणाला सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० बसवायची असेल तर हा लेन्सचा वादच उरत नाही. मग छिद्र दोघांचं सारखं, आणि एकाच लेन्समागे ९०डी लांबीत ३२ टक्के जास्त पिक्सेल टाकतो. मात्र त्यासोबत हाताची थरथरही तेवढीच मोठी होऊन दिसते, हे शटरचा वेग ठरवताना लक्षात ठेवावं लागतं.

व्ह्यूफाइंडरमधल्या फोकसबद्दल थोडक्यात. निकॉनचे ५१ बिंदू, त्यातले १५ क्रॉस प्रकारचे. कॅननचे ४५ आणि सगळेच क्रॉस. कागदावर कॅनन पुढे, आणि टेलिकन्व्हर्टर लावून छिद्र एफ/८वर गेलं तरी ठरावीक लेन्सना त्याचे २७ बिंदू चालतात, निकॉनचा मधला एकच. पण चौकटीत इकडून तिकडे धावणाऱ्या विषयाचा रंग धरून बिंदू पुढे सरकवण्यात निकॉनचं थ्री-डी ट्रॅकिंग पूर्वीपासून पक्कं आहे. डी७५००ला प्रकाशमापनाचा १,८०,००० पिक्सेलचा सेन्सर, त्याच्या वरचढ डी५००मधलाच मिळाला आहे. सलग फोटोंत कॅनन सेकंदाला १० काढतो, निकॉन ८. पण कॅननची रॉ फाइल जड, त्यामुळे पंचविसेक फोटोंनंतर, म्हणजे अडीच सेकंदांत, तो दमतो. निकॉन १४ बिटच्या ५० रॉ फाइली सलग काढतो, म्हणजे सहा सेकंदांहून जास्त. कबड्डीची चढाई टिपायला अडीच सेकंद अपुरे पडतात. जो डोळा लावूनच काम करतो, पडदा फक्त काढलेला फोटो बघायला वापरतो, त्याला डी७५०० आजही कमी पैशांत पुरेपूर वसूल होतो, असं माझं मत आहे.

निकॉनने डी७५००त केलेल्या काटछाटीबद्दल मात्र रास्त राग आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. आधीच्या डी७२००मध्ये कार्डाचे दोन खण होते, यात एकच. जुन्या हाताने फोकस करायच्या एआय लेन्सवर प्रकाश मोजून देणारा माउंटवरचा छोटा दांडा काढून टाकला. उभी ग्रिप जोडायची सोयही ठेवली नाही. ज्यांच्या घरी फिल्मच्या काळातल्या निक्कॉर लेन्स आहेत, त्यांना डी७२०० अजूनही अधिक कामाचा आहे. लग्नाचं काम घेणाऱ्याला तर मी या दोन्ही कॅमेऱ्यांबद्दल ठामपणे नको म्हणेन, कारण ९०डीलाही कार्डाचा खण एकच आहे. अंतरपाट दूर होण्याचा क्षण दुसऱ्यांदा येत नाही, आणि कार्ड बिघडलं तर ग्राहकाला सांगायला कसलंही कारण पुरत नाही. त्याने डी७२०० बघावा, किंवा कॅननचा ७डी मार्क टू, ज्यात एक कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि एक एसडी असे दोन खण आहेत.

आणखी एक आक्षेप जाणकारांकडून येतो: बॉडीवर वाद कसला घालता, पैसे लेन्सवर घाला. तत्त्व म्हणून बरोबर, पण या निवडीला ते फारसं लागू होत नाही. रोजच्या वापराच्या लेन्स दोघांकडे तोडीस तोड आहेत. स्वस्त आणि उजळ लेन्स हवी तर निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८, कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम. या आकाराच्या सेन्सरवर ३५ घरातल्या खोलीला जास्त सोयीची, हे खरं, पण कॅननची २४ मिलिमीटर एफ/२.८ ती गरज बरीच भागवते. रुंद कोनासाठी कॅननची १०-१८, निकॉनची १०-२०; दोन्ही हलक्या आणि परवडणाऱ्या. लेन्सवरून पारडं झुकतं ते फक्त वर सांगितलेल्या लांब पल्ल्यावर, आणि हाताशी आधीच काही लेन्स असतील तर. घरात निकॉनच्या तीन लेन्स असलेल्या माणसाने हा लेख इथेच मिटवला तरी चालेल.

राहता राहिला सर्वांत मोठा आक्षेप: आता डीएसएलआर घ्यायचाच कशाला? मिररलेसमध्ये डोळा कुठेही ठेवा, फोकस एकच आणि सगळीकडे सारखा. बिनतोड मुद्दा आहे, आणि पैसे असतील तर तोच मार्ग घ्यावा. पण ज्या रकमेत जुन्या डीएसएलआरची चांगली बॉडी आणि एक बरी लेन्स येते, त्या रकमेत मिररलेसची बॉडी तेवढी येते आणि लेन्ससाठी पुन्हा हप्ते भरावे लागतात. बॅटरीचं म्हणाल तर ठरलेल्या चाचणीत एका चार्जवर ९०डी १,३०० फोटो काढतो आणि डी७५०० ९५०. त्या चाचणीत निम्म्या फोटोंना फ्लॅश उडवलेला असतो, त्यामुळे फ्लॅशशिवाय हा आकडा आणखी वाढतो. वीज नसलेल्या गडावर दोन दिवस काढणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटत नाही. शिवाय आज घेतलेल्या लेन्सचं पुढे काय होणार, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायला हवा, आणि तिथे दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कॅननने १९८७मध्ये ईएफ माउंट काढला तेव्हाच फोकसची मोटर लेन्समध्ये घातली आणि बॉडीशी सगळा संवाद विजेवर नेला. त्यामुळे त्यातली कोणतीही ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालते. ९०डीचा खरा वारस म्हणावा असा २०२२चा ईओएस आर७ तर त्याच ३२.५ मेगापिक्सेलचा आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९चा. त्याने जुन्या लेन्सशी इमान राखलं, त्याची किंमत आता मोजावी लागते. एएफ-डी प्रकारच्या लेन्समध्ये मोटर नसते; डी७५०० स्वतःच्या मोटरने त्या फिरवतो. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही, आणि नंतर आलेल्या एफटीझेड टूमध्येही नाही. सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळते म्हणून ५० मिलिमीटर १.८डी किंवा जुनी ८०-२०० घेणाऱ्याने हे जाणूनच घ्यावी, की उद्या झेड मालिकेत गेल्यावर ती हाताने फिरवावी लागेल. मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सना ही अडचण नाही, आणि वर वानलेली २००-५०० त्यांतलीच आहे.

शेवटी, जे काही ठरेल ते बहुधा वापरलेलंच घेतलं जाणार, म्हणून तपासणीचं थोडं. या वर्गातल्या शटरचं आयुष्य ढोबळमानाने एक ते दीड लाख क्लिक धरलं जातं. निकॉन प्रत्येक फाइलमध्ये आजवरच्या क्लिकची संख्या लिहून ठेवतो. दुकानातच एक फोटो काढून फाइल मोबाइलवर घेतली, तर तपशील वाचणाऱ्या ॲपमध्ये ती दिसते. कॅननच्या फाइलमध्ये ती सहसा नसते, त्यासाठी कॅमेरा वायरने जोडून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. दुकानदार ते करू द्यायला कां कूं करत असेल तर पुढच्या दुकानात जावं. आणि ‘घरगुती वापराचा, एकहाती’ म्हणून पुढे केलेल्या बॉडीचा फ्लॅशचा खाचा बघावा. त्याच्या कडांचा काळा रंग घासून पांढरा धातू दिसत असेल, तर त्या कॅमेऱ्याने बरीच लग्नं लावलेली आहेत.